डॉक्टर टिकवण्याची कमिटी

पत्रकाराची वही दोन्ही बाजूंनी भरत जाते. पुढून बातम्या, मागून किस्से. पुढचं संपादक छापतो. मागचं आपण मित्रांना सांगतो, तेही त्यांनी चांगलं जेवायला घातलं असेल तर! चारचौघांसारख्या पत्रकाराच्या वहीत या दोन बाजू कुठेतरी मध्यावर भेटतात. माझी हॉस्पिटलची वही मात्र मागूनच भरत आली आणि पुढची पानं कोरी राहिली.

मी राहतो मिशिगनच्या पार उत्तरेला, लेक सुपीरियरच्या काठावर. डेट्रॉइटजवळच्या नोव्हायच्या मराठी मंडळात मी गावाचं नाव सांगतो तेव्हा लोक विचारतात, "म्हणजे कॅनडात?" त्यांची चूक नाही. आमच्या राज्य सरकारचाही तोच समज आहे. सोलापूरहून पत्रकारिता शिकायला आलो, इथल्या दैनिकात नोकरी मिळाली, दोन वर्षं काढू म्हणालो. डोक्यावरचे केस गेले, दैनिक आठवड्यातून तीनदा निघायला लागलं, मी अजून इथेच आहे. मला टिकवायला कोणी कमिटी नेमली नव्हती. कदाचित म्हणूनच टिकलो!

आता मुद्द्याचं. आमच्या गावात हृदयाची एकच डॉक्टर आहे. अनघा, मूळची नागपूरची. बंद पडलेल्या रक्तवाहिनीत तार घालून ती उघडणारं, शंभर मैलांच्या परिसरातलं हे एकमेव माणूस. हे काम जिथे होतं ती कॅथलॅब आमच्यानंतर थेट दक्षिणेला तीन तासांवर, तीही रस्ता उघडा असला तर. हार्ट अटॅकला तीन तास थांबायची सवय नसते.

थोडक्यात, अनघा गेली तर कॅथलॅबला कुलूप. म्हणून ती जाऊ नये यासाठी आमच्या हॉस्पिटलने जे जे केलं, ते सांगतो. तरीही ती इतकी वर्षं कशी राहिली, हे मला विचारू नका!

*

डॉक्टर इथे टिकत नाहीत हे लक्षात आल्यावर हॉस्पिटलने रिटेन्शन कमिटी नेमली. म्हणजे डॉक्टर टिकवण्याची कमिटी. बारा माणसं. मोटारींच्या शोरूमचा मालक, बँकेची मॅनेजर, दोन निवृत्त शिक्षक, पाद्री, हॉटेलवाला आणि अध्यक्षस्थानी हॉस्पिटलचा सीईओ टॉड. टॉड हा मी पाहिलेला चौथा सीईओ. डॉक्टर का जातात याची काळजी करणारे सीईओ डॉक्टरांच्या आधी जातात, हे आणखी एक.

पहिल्या बैठकीला मी बातमीसाठी गेलो. बाराही चेहरे पाहिले आणि विचारलं, "टॉड, यात डॉक्टर कोण आहे?"

"डॉक्टरांना वेळ नसतो रे. मंगळवारी सकाळी दहाला ते कामात असतात."

"मग दुसरी वेळ ठेवा की!"

टॉडने माझ्याकडे दयेने पाहिलं. "अरे, दुसऱ्या वेळेला कमिटी येत नाही!"

*

डॉक्टरांना गाव दाखवायला आणायचं ते जुलैत, असा आमच्याकडे अलिखित नियम आहे. जुलैत सरोवर निळंशार, टेकड्या हिरव्यागार, रस्त्याकडेला रानटी फुलं. जुलैत तर हे गाव मलाही आवडतं. पण अनघाला सवड मिळाली फेब्रुवारीत. कमिटी हादरली! मला मुद्दाम बोलावलं, म्हणजे आपल्या भाषेतलं कोणीतरी गाडीत असावं आणि शक्य झाल्यास त्याने गोड छापावं.

टॉड गाडी चालवत होता, शेजारी अनघा, मागे मी आणि घरं विकणारी डोना. डोनाची ही गावातली तिसरी पिढी. दोन्ही बाजूंना गाडीच्या टपाहून उंच बर्फाच्या भिंती. पाटी दिसेना, वळण दिसेना. टॉड एका पांढऱ्या ढिगाकडे बोट दाखवून म्हणाला, "हे आमचं वाचनालय."

अनघाने काच पुसून पुन्हा पाहिलं. टॉडला घाम फुटला. "एक सांगतो डॉक्टर, असा बर्फ इथे नेहमी पडत नाही हं!"

"छे छे!" मागून डोनाने मनापासून दुजोरा दिला. "यंदा तर काहीच नाही!"

अनघा इतकी हसली की तिचा चष्मा धुरकटला. उतरताना मला म्हणाली, "काका, या गाडीत एक तरी माणूस खरं बोलतं. येते मी इथे."

टॉडने नंतर डोनाला कमिटीच्या कामातून काढलं.

*

नवऱ्याला किंवा बायकोला नोकरी मिळाली तर डॉक्टर टिकतो, असं कुठल्यातरी सल्लागाराने सांगितलं होतं. त्यामुळे अनघाच्या नवऱ्याला नोकरी देण्याचं कमिटीने लेखी आश्वासन दिलं.

नवरा समीर नोव्हायला असतो. मोटारींच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहितो. सहा महिन्यांनी कमिटीने त्याला आनंदाने कळवलं की नोकरी सापडली. स्कीच्या टेकडीवर, माणसं वर नेणाऱ्या पाळण्यापाशी. डिसेंबर ते मार्च, शनिवार-रविवार.

समीरने टॉडला फोन केला. "पण मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे."

"माहीत आहे ना!" टॉड म्हणाला. "म्हणून तर! त्या पाळण्याचा ब्रेक नेहमी अडकतो!"

समीर नोव्हायलाच राहिला. मुलगी इराही त्याच्याकडे, कारण जिची आई कुठल्याही क्षणी उठून हॉस्पिटलला पळते, त्या मुलीला इथे कोणाजवळ ठेवायचं? दर पंधरा दिवसांनी तो इराला घेऊन आठ तास ड्राइव्ह करतो. हिवाळ्यात वारा सुटला की मधला मोठा पूल बंद होतो. मग बापलेक पुलाच्या अलीकडे, आई पलीकडे, आणि फोनवर तोंड पाहणं.

मी एकदा विचारलं, "समीर, कंटाळा नाही येत?"

"काका, कंपनी ब्रेकच्या टेस्टिंगला माणसं उत्तरेला पाठवते, गेस्ट हाउस देते, भत्ता देते. मी फुकट करतो यार!"

*

हृदयाची डॉक्टर एकच, म्हणजे 'ऑन कॉल' तीच. सोमवारी तीच, रविवारी तीच, दिवाळीत तीच. पहिली दोन वर्षं अनघाने हे सोसलं. मग तिने कमिटीला चार ओळींचं पत्र लिहिलं. मला प्रत दाखवली होती. महिन्यातले दोन शनिवार-रविवार बदली डॉक्टर बोलवा, मी माझ्या मुलीकडे जाऊन येईन. एवढंच! पगारवाढ नाही, पद नाही, काही नाही.

कमिटीत पत्रावर गंभीर चर्चा झाली. डॉक्टर थकल्या आहेत, यावर एकमत झालं. उपाय म्हणून 'मनोबल कार्यशाळा' ठेवायचं ठरलं.

कार्यशाळेत योग होता! शिकवायला ब्रेंडा नावाच्या बाई. दुपारी बारा वाजता हॉस्पिटलच्या सभागृहात बारा चटया. अनघा आली, कारण उपस्थिती सक्तीची होती. ब्रेंडाने तिला हात जोडायला शिकवलं. "असे. आणि आता म्हणा, न-मा-स्टे."

"नमस्ते," अनघा म्हणाली.

"अगदी जवळ आलात!" ब्रेंडा म्हणाली. "सराव करा, जमेल."

सगळे शवासनात गेले. दोन मिनिटांत अनघाचा पेजर वाजला. ती उठायला लागली तशी ब्रेंडा हलक्या आवाजात म्हणाली, "सोडून द्या... जे काही असेल ते सोडून द्या..."

"मी सोडलं असतं हो," अनघा बूट घालत म्हणाली, "पण खाली जो आहे तो आत्ता खरोखरच शवासनात जाईल!"

तो माणूस वाचला. दुसऱ्या दिवशी अनघाला मेल आली: "आपण मनोबल कार्यशाळा अर्धवट सोडल्याची नोंद झाली आहे. पूर्ण होईपर्यंत आपलं मनोबल अपूर्ण समजण्यात येईल."

पत्राचं उत्तर? ते हेच होतं.

*

नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू होतो. ही इथली दिवाळी. शाळांना सुट्टी, दुकानं ओस, ऑपरेशनं पुढे ढकललेली. आणि या दिवाळीचा फराळ म्हणजे हरणाचं मांस. ज्याच्यावर खरा जीव आहे त्यालाच देतात.

अनघा पक्की शाकाहारी. पण खाणीतून निवृत्त झालेला अर्ल, छातीत तिने घातलेले दोन स्टेंट घेऊन, स्वतः मारलेल्या हरणाची तंगडी कागदात बांधून दारात उभा राहिला. डोळ्यांत पाणी. आता त्याला काय सांगणार, आमच्यात चालत नाही? तिने दोन्ही हातांनी घेतली. मग बिग जिम आला, मग वॉल्टर आला. रीतीप्रमाणे प्रत्येक पुडक्यावर देणाऱ्याचं नाव आणि आत काय आहे ते ठळक मार्करने लिहिलेलं. सगळं गराजमधल्या मोठ्या फ्रीझरमध्ये गेलं आणि राहिलं.

त्या जानेवारीत समीरच्या आई नागपूरहून आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, इंग्रजी खणखणीत. सकाळच्या चहाला अनघा त्यांना कौतुकाने सांगत होती, "आई, इथले पेशंट फार प्रेमळ. अर्ल, जिम, वॉल्टर... पण सध्या कोणी दिसायचे नाहीत. थंडीत तिघंही फ्लोरिडाला जातात."

अनघा कामावर गेली. सासूबाई मटार शोधायला गराजमध्ये गेल्या. फ्रीझर उघडला. वरच्या पुडक्यावर लिहिलं होतं: अर्ल, मांडी. त्याखाली: जिम, खांदा. त्याखाली: वॉल्टर, बरगड्या.

अनघाला हॉस्पिटलमध्ये फोन आला. आवाज अगदी शांत, चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईचा.

"अनघा, घाबरू नकोस. मी कोणाला काही बोलणार नाही. फक्त खरं सांग, ते तिघं नक्की फ्लोरिडालाच गेलेत ना?"

*

आता पुढचा किस्सा ऐकून हसावं की टेबल बडवावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी टेबल बडवतो.

अमेरिकेत शिकायला आलेल्या परदेशी डॉक्टरांपैकी अनेकांना शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. नाहीतर जिथे डॉक्टर मिळत नाहीत अशा आडगावी तीन वर्षं नोकरी करायची. आमच्याकडे बहुतेक तज्ज्ञ या वाटेने येतात. तीन वर्षं भरली की त्याच आठवड्यात ट्रक बोलावतात आणि डेट्रॉइटच्या दिशेने निघतात. मी त्यांना दोष देत नाही. पिंजऱ्याचं दार उघडल्यावर पाखरू उडालं तर आपण पिंजऱ्याला विचारायचं असतं, पाखराला नाही.

अनघाची तीन वर्षं एका गुरुवारी भरली. पण तिची निघायची काहीच तयारी नव्हती! ना ट्रक, ना खोकी. गावाची सवय झाली होती, पेशंटांचा लळा लागला होता, आणि पत्रावर कधीतरी विचार होईल असा तिचा भाबडा विश्वास होता. तिने नवा करार महिनाभर आधीच सही करून दिला होता.

त्या गुरुवारी दुपारी तिला कँटीनमध्ये बोलावलं. कमिटी हजर. मध्ये मोठा केक, त्यावर क्रीमने लिहिलेलं: डॉक्टर, तुमची आठवण येईल!

"मी कुठे चाललेय?" अनघाने विचारलं.

"तीन वर्षं झाली ना!" टॉड म्हणाला.

"पण मी राहतेय. नवा करार दिलाय मी सही करून."

"हो का? मग कायदा विभागात असेल." टॉडने क्षणभर विचार केला. "बरं, केक तर कापून घेऊ."

केक कापला. सगळ्यांनी खाल्ला. अनघाला टाळ्या मिळाल्या.

शुक्रवारी सकाळी साडेसातला शाळेच्या बसचा ड्रायव्हर हार्ट अटॅक घेऊन आला. अनघा धावत कॅथलॅबच्या दाराशी पोहोचली, बॅज लावला. लाल दिवा. पुन्हा लावला. लाल दिवा! आत टेबलावर पेशंट, आतल्या नर्सचे हात अडकलेले, बाहेर गावातली एकमेव हृदयाची डॉक्टर दार बडवतेय. निरोप दिलेल्या डॉक्टरचा बॅज नियमाप्रमाणे मध्यरात्री आपोआप बंद झालेला!

शेवटी लाद्या पुसणारा हँक किल्ल्यांचा जुडगा घेऊन धावत आला. दार उघडता उघडता म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही गेलात असं ऐकलं होतं."

"मी नाही गेले हँक! पण दार उघडलं नाहीस तर आतला जाईल!"

बसड्रायव्हर वाचला. आजही बस चालवतो. माझ्या शेजारच्यांची पोरं त्याच्याच बसने शाळेत जातात.

त्याच दुपारी सुरक्षा विभागाची अनघाला मेल: "माजी कर्मचाऱ्यांनी कॅथलॅबमध्ये प्रवेश करू नये. तसेच पार्किंगचा बिल्ला त्वरित परत करावा."

*

हा छोटा आहे.

गेल्या वर्षी हॉस्पिटलचं प्रसिद्धीपत्रक आमच्या टेबलावर आलं. 'रिटेन्शन कमिटीला घवघवीत यश! वर्षभरात एकही हृदयरोगतज्ज्ञ सोडून गेला नाही!'

मी टॉडला फोन लावला. "टॉड, एकूण आहेत किती?"

"एक."

"आणि ती गेली असती तर?"

"तर ते या पत्रकात कशाला लिहिलं असतं?"

पत्रक छापलं गेलं. संपादकांनी पहिल्या पानावर घेतलं. मी तीन दिवस त्यांच्याशी बोललो नाही, आणि ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

*

शेवटचा यंदाच्या उन्हाळ्यानंतरचा.

नोव्हायच्या मंडळाच्या गणपतीत इराचं नाटुकलं होतं. आठ वर्षांची पोर, तिला उंदराचं काम. समीरने महिनाभर मराठी वाक्यं घोटून घेतली होती. अनघाने दोन महिने आधी कमिटीला लिहिलं, तोंडी सांगितलं, आठवण केली. बदली डॉक्टर 'बघतो' असं ठरलं. शुक्रवारी कळलं, बघायचं राहून गेलं.

नाटकाच्या वेळी अनघा हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये फोनवर अंगठ्याएवढा उंदीर बघत होती. मी समोर होतो. नाटक संपल्यावर इरा स्क्रीनवर आली, मिशा अजून लावलेल्या.

"आई, डिड यू सी मी?"

"पाहिलं ना बाळा! किती छान बोललीस!"

"बट यू वर सपोज्ड टु बी हिअर." मग थोडं थांबून, "इट्स ओके. बाबा सेड दे डोंट हॅव अनदर यू."

अनघाने फोन ठेवला. रडली वगैरे नाही. तिथेच हॉस्पिटलच्या सिस्टीममध्ये जाऊन राजीनामा भरला. मला म्हणाली, "काका, बातमी करायची तर करा."

मला बातमी करायची नव्हती. माझंही हृदय याच गावात आहे.

सिस्टीममध्ये राजीनामा भरला की तो विभागप्रमुखाकडे जातो. प्रमुखाने मंजूर केला तरच पुढे मनुष्यबळ विभागाकडे. नियम चोख! सोमवारी सकाळी अनघाने मेल उघडली. पहिलीच मेल: "विभागप्रमुख महोदय, आपल्या विभागातील डॉ. अनघा यांचा राजीनामा आपल्या निर्णयासाठी प्रलंबित आहे."

हृदय विभागात माणूस एकच. तेव्हा विभागप्रमुख कोण? कधीतरी तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांना दाखवायला तक्ता करताना कारकुनाने त्या चौकटीत उरलेलं एकमेव नाव टाकलं होतं. अनघाला कोणी सांगितलंही नव्हतं!

खाली तीन बटणं. मंजूर. नामंजूर. कर्मचाऱ्याशी चर्चा करा.

अनघाने तिसरं दाबलं.

सिस्टीमने विचारलं, चर्चेची वेळ? तिने मंगळवार सकाळी दहा टाकली. स्थळ? कँटीन. मी मंगळवारी तिथे पोहोचलो तर अनघा खिडकीशी एकटीच बसलेली. समोर दोन कप कॉफी. मी खुर्ची ओढायला लागलो.

"सॉरी काका," ती म्हणाली, "मीटिंग चालू आहे."

मी मुकाट्याने दुसऱ्या टेबलाशी जाऊन बसलो. वीस मिनिटं ती लिहीत होती. मग मला खुणेने बोलावलं आणि स्क्रीन फिरवली. चर्चेचा वृत्तांत असा होता:

"प्रमुखांनी कर्मचाऱ्याला विचारले, राहण्यासाठी काय हवे? कर्मचारी म्हणाल्या, हा प्रश्न इथे पहिल्यांदाच विचारला गेला, याबद्दल आभार. महिन्यातले दोन शनिवार-रविवार सुट्टी हवी. प्रमुखांना मागणी रास्त वाटली. वर्षभराच्या रजा मंजूर. राजीनामा मागे."

नियम असा, की विभागप्रमुखाने रजा साठ दिवस आधी मंजूर केली की त्या दिवसांसाठी बदली डॉक्टर आणणं हॉस्पिटलला बंधनकारक. पहिली रजा बरोबर साठ दिवसांनंतरची होती. टॉडला सूचना गेली. तीस दिवस उरले तेव्हा आठवण गेली. दहा दिवस उरले तेव्हा लाल अक्षरांत आठवण गेली. टॉड त्या काळात डॉक्टर टिकवण्याच्या एका परिषदेत होता, फ्लोरिडाला.

रजेच्या आधीच्या बुधवारी मी माझ्या तपासणीसाठी अनघाच्या खोलीत बसलो होतो. दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळलेला. तिचा फोन वाजला. तिने स्पीकरवर टाकला, कारण हात माझ्या पट्ट्यात होते. टॉडच होता.

"डॉक्टर, हे शनिवारचं काय आहे? तुम्ही नाही आहात?"

"नोव्हायला जातेय. मुलीकडे."

"असं कसं जाता? मला दोन दिवसांत माणूस आणावा लागेल!"

"तुम्हाला साठ दिवस होते."

"ते राहू द्या! एवढ्या रजा एकदम? वर्षभराच्या? कोणी मंजूर केल्या?"

"विभागप्रमुखांनी."

"काय अक्कल आहे की नाही त्या माणसाला! हॉस्पिटल कसं चालतं कळतं का त्याला? द्या, त्या विभागप्रमुखालाच फोन द्या! आत्ताच्या आत्ता!"

अनघाने माझ्या दंडावरचा पट्टा सोडला. स्पीकर बंद केला. फोन एकदा उजव्या कानाला लावला, मग डाव्या कानाला लावला, आणि म्हणाली,

"बोला!"